‘सब्र करा’ म्हणण्यापूर्वी



सर्व स्तुती अल्लाहसाठीच आहे, ज्याने माणसाला शरीराबरोबर हृदयही दिले आणि दोहोंची वेदना जाणली. दरूद व सलाम असो प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर, जे आजाऱ्याच्या उशाशी बसत, त्याच्या कपाळावर हात ठेवीत आणि त्याचे बोलणे ऐकून घेत.

प्रिय वाचकहो, आज मी आपल्यासमोर माझ्याच एका चुकीपासून सुरुवात करणार आहे.

आमच्या मोहल्ल्यात शिवणकाम करणारे एक बुजुर्ग होते. लहानथोर सारेच त्यांना चाचा म्हणत. फजरच्या जमातीत पहिल्या सफमध्ये त्यांची जागा ठरलेली असे. काही वर्षांपूर्वी त्यांना गालाचा कॅन्सर झाला. मुंबईला शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर शेक दिले गेले. चेहऱ्याची एक बाजू बदलून गेली, उच्चार अस्पष्ट झाले, पातळ अन्नाखेरीज काही गिळता येईना. हळूहळू ते मशिदीत येईनासे झाले. एका जुम्यानंतर त्यांचा मुलगा माझा हात धरून म्हणाला, “मौलाना, अब्बा कुणाशी नीट बोलत नाहीत. तुम्ही येऊन जरा समजवा.”

मी गेलो. वीस मिनिटे बसलो आणि वीसही मिनिटे मीच बोललो. ह. अय्यूब (अ.) यांची कथा सांगितली, सब्राचे फजाइल सांगितले, मोमिनाने तक्रार करू नये असे बजावले, दुआ केली, चहा घेतला आणि समाधानाने परतलो. चाचा प्रत्येक वाक्याला मान हलवीत होते. निघताना एवढेच म्हणाले, “जी, मौलाना.”

पाच-सहा आठवड्यांनी मुलगा पुन्हा भेटला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. त्या दिवसापासून चाचांनी स्वतःच्या वेदनेविषयीही बोलणे सोडले होते. रात्री कण्हण्याचा आवाज कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून ते उशीत तोंड खुपसून पडत. डॉक्टरांनी विचारले तरी उत्तर एकच, “ठीक आहे, अल्हम्दुलिल्लाह.” शेवटी तपासणीच्या दिवशी जखमेची पट्टी बदलणाऱ्या परिचारिकेने काम संपल्यावर खुर्ची ओढली आणि विचारले, “चाचा, जखम तर भरते आहे. तुम्ही कसे आहात?” चाचा लहान मुलासारखे रडले. स्पष्ट बोलता येत नव्हते म्हणून त्यांनी वहीत लिहून दाखवले, “मी आयुष्यभर तंबाखू खाल्ली. अल्लाह माझ्यावर नाराज आहे काय? नमाज उभ्याने होत नाही, ती कबूल होते काय? मौलानांना विचारायचे होते. पण ते म्हणाले, तक्रार करू नये.”

मुलाने ती वही मला आणून दाखवली. मदरशात सब्राचा अध्याय मी उस्तादांपुढे बसून शिकलो होतो. परंतु त्या अध्यायाचा एक अर्धा भाग मी चाचांच्या खाटेपाशी विसरलो होतो. तो अर्धा भाग आज आपल्यासमोर ठेवायचा आहे, कारण आता कॅन्सर पोहोचला नाही असा मोहल्ला उरलेला नाही, आणि कॅन्सरबरोबर येणारे मनाचे दुःख आपल्या घरांत बहुधा अबोलच राहते.

सब्र म्हणजे मौन नव्हे

आपण सब्राचा अर्थ ‘गप्प राहणे’ असा करून घेतला आहे. पवित्र कुरआनाने मात्र ज्यांना सब्राचे आदर्श म्हणून आपल्यापुढे ठेवले, ते गप्प राहिलेले नाहीत.

ह. याकूब (अ.) यांनीच पुत्रवियोगाच्या वेळी ‘सुंदर सब्रा’चा उच्चार केला, हे सूरह यूसुफमध्ये आपण वाचतो. त्याच सूरहमध्ये पुढे असेही येते की दुःखाने त्यांचे डोळे पांढरे झाले. घरच्या माणसांनी त्यांना टोकले, की असेच आठवत राहिलात तर झिजून जाल. तेव्हा त्यांनी आपले दुःख नाकारले नाही. आपण आपली व्यथा अल्लाहपुढे मांडत आहोत, असे त्यांनी सांगितले. म्हणजे सुंदर सब्र आणि वाहणारे अश्रू एकाच प्रेषिताच्या ठायी एकत्र नांदत होते.

ह. अय्यूब (अ.) यांचे नाव तर आपण आजाऱ्याला गप्प करण्यासाठीच वापरतो. सूरह अंबियामध्ये तेच अय्यूब (अ.) आपल्या पालनकर्त्याला हाक मारून सांगतात, की मला त्रासाने ग्रासले आहे. आणि सूरह सॉदमध्ये त्यांच्याविषयी अल्लाहची साक्ष आहे, की तो सब्र करणारा आढळला. वेदना बोलून दाखवल्याने त्यांचा सब्र भंगला नाही.

आपल्या प्रेषितांचे (स.) पुत्र इब्राहीम यांनी मांडीवर प्राण सोडले तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले. ह. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना आश्चर्य वाटले. प्रेषितांनी (स.) त्या अश्रूंना रहमत म्हटले, डोळे रडतात, हृदय दुःखी होते, पण जिभेवर पालनकर्त्याला नापसंत असे काही येणार नाही, अशा आशयाचे उद्गार काढले. इमाम बुखारींनी (रह.) आपल्या संग्रहात आजाऱ्यांविषयीच्या ग्रंथात एक स्वतंत्र प्रकरणच असे योजले आहे, की रुग्णाने ‘मला दुखते आहे’ असे म्हणणे जायज आहे. तेथे ह. आयशा (रजि.) डोके दुखत असल्याचे बोलून दाखवतात आणि प्रेषितही (स.) स्वतःच्या डोकेदुखीचा उच्चार करतात.

अल्लाहविरुद्ध तक्रार करणे आणि अल्लाहपाशी व अल्लाहच्या बंद्यांपाशी व्यथा सांगणे, यांत मोठे अंतर आहे. पहिल्याची मनाई आहे. दुसरे मनुष्यस्वभावाला धरून आहे. हे अंतर न सांगता केलेला सब्राचा उपदेश रुग्णाच्या तोंडावर बांधलेल्या पट्टीसारखा होतो.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. बुखारी व मुस्लिम यांतील प्रसिद्ध हदीसीत ज्या त्रासांनी मोमिनाचे गुन्हे झडतात, त्यांत थकवा आणि आजार यांच्या जोडीने चिंता, दुःख आणि मनाची घुसमट यांचाही उल्लेख आहे. मनाच्या वेदनेला शरीराच्या वेदनेशेजारी जागा मिळाली आहे. मग जी गोष्ट अल्लाहच्या दरबारात आजाराबरोबर मोजली जाते, तिला आपण ‘ईमानाची कमजोरी’ कोणत्या आधारावर म्हणावे?

ओळखावे कसे?

कॅन्सरच्या रुग्णाला भीती वाटणे, रडू येणे, झोप उडणे, राग येणे हे स्वाभाविक आहे. बहुतेकांचे मन घरच्यांच्या आधाराने, नमाज-दुआने आणि दिवस जातील तसे सावरते. पण काहींचे सावरत नाही, आणि ते ओळखणे घरच्यांचे काम आहे.

येथे एक अडचण असते. थकवा, भूक मंदावणे, वजन उतरणे, झोप न लागणे ही उदासीनतेची लक्षणे आहेत, आणि आजाराची व किमोचीही तीच लक्षणे आहेत. म्हणून केवळ शरीराकडे पाहून चालत नाही. मनाची चिन्हे पाहावी लागतात. ज्या नातवाला पाहून चेहरा फुलायचा त्याच्याकडेही पाहावेसे वाटत नाही. भेटायला आलेल्यांकडे पाठ फिरते. ‘मी ओझे झालो’, ‘माझ्यामुळे घर बुडाले’ असे शब्द वारंवार येतात. किरकोळ बाबतीत संताप होतो. उपचाराची तारीख टाळली जाते. पूर्वी नमाजेत रमणारा माणूस ‘माझी नमाज काय कामाची’ म्हणून जानमाजेपासून दूर राहतो. अशी अवस्था दिवसाचा बहुतांश वेळ आणि जवळजवळ रोज, दोन आठवडे टिकली, तर ती नुसती उदासी उरत नाही. तिच्यासाठी डॉक्टरांची मदत घ्यावी.

कॅन्सरतज्ज्ञ यासाठी एक साधे साधन वापरतात. कागदावर तापमापकाचे चित्र असते आणि त्यावर ० ते १० असे आकडे. गेल्या आठवड्यात, आजचा दिवस धरून, तुमच्या मनाला किती त्रास झाला, तेवढ्या आकड्यावर रुग्णाने खूण करायची. ४ किंवा त्याहून अधिक आकडा आला, तर अधिक विचारपूस करायची. या कागदाला ‘डिस्ट्रेस थर्मामीटर’ म्हणतात. त्याच्यासोबत कारणांची एक यादी असते. पैसा, मुलांची काळजी, कुटुंब, भीती, वेदना यांच्याबरोबर त्या यादीत धर्मश्रद्धेविषयीच्या चिंतेलाही स्थान आहे. ते वाचून मला चाचांची वही आठवली. हा कागद नसला तरी प्रश्न आपण घरीही विचारू शकतो: “अम्मी, शून्य म्हणजे अगदी शांत आणि दहा म्हणजे असह्य. आज मन कुठे आहे?” ‘कसे वाटते’ याचे उत्तर ‘ठीक आहे’ एवढेच येते, आकडा मात्र बहुधा खरा येतो.

काही वेळा अधिक जपावे लागते. तपासणीचा अहवाल येईपर्यंतचे दिवस, उपचार सुरू होण्याचा काळ, पुढच्या स्कॅनची तारीख, आजार उलटल्याची बातमी. आणि ज्याची आपण कल्पना करत नाही तो काळ म्हणजे उपचार संपल्यानंतरचा. सारे मिठाई वाटतात, आणि नेमकी तेव्हाच रुग्णाला एकाकी भीती घेरते, कारण रोजचे डॉक्टर आणि रोजची औषधे अचानक मागे पडलेली असतात.

मनाच्या या स्थितीमागे कधी शरीराचेही कारण असते. न आवरलेली वेदना माणसाला खचवते. किमोबरोबर दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडने झोप उडते, बेचैनी येते. गळ्यावर शेक घेतलेल्यांची थायरॉइड ग्रंथी पुढे मंदावू शकते आणि त्यातून सुस्ती व उदासी येते. म्हणून ‘मनाचा प्रश्न आहे, डॉक्टरांना काय सांगायचे’ असे म्हणू नये. सांगावे, आणि आधी सांगावे.

आपल्या बोलण्याने होणाऱ्या जखमा

रुग्णाच्या दुःखात आजाराने जेवढी भर पडते, जवळजवळ तेवढीच कधी आपल्या बोलण्याने पडते.

पहिली जखम: ‘कोणत्या गुन्ह्याची ही सजा?’ अल्लाहने कोणत्या बंद्याला कशासाठी आजमावले, हे सांगण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? प्रेषितांवरही (स.) आजार आले. ज्याने तंबाखू खाल्ली त्याला कारण ठाऊक असते. ते त्याच्या उशाशी बसून पुन्हा मोजण्यात कोणतेही पुण्य नाही. त्याला तौबाचे दार दाखवावे, जे श्वास चालू असेतोवर उघडे आहे.

दुसरी जखम: अस्पृश्यतेची. कॅन्सर संसर्गाने पसरत नाही. तरीही वेगळा पेला, वेगळे ताट, नातवंडांना जवळ न जाऊ देणे, असे प्रकार सुशिक्षित घरांतही घडतात. मुलीचे लग्न जमायचे आहे म्हणून आईचा स्तनाचा कॅन्सर लपवला जातो. ती आई आधीच आपल्या बदललेल्या शरीराकडे आणि गळालेल्या केसांकडे पाहून रडत असते. वर आपल्या आजाराची घराला लाज वाटते, हेही तिला समजते. अशा वेळी पतीचा एक शब्द, एक हात फार मोलाचा असतो. पत्नीशी भलाईने वागण्याचा आदेश केवळ निरोगी दिवसांपुरता नाही.

तिसरी जखम: लपवाछपवी. ‘अब्बांना काही सांगू नका’ असे ठरते. पण अब्बा कॅन्सरच्या रुग्णालयात बसलेले असतात; बाकावरचे इतर रुग्ण त्यांना दिसतात. त्यांना कळते, आणि आपल्याशी खोटे बोलले जाते हेही कळते. मग ते आपल्यापुढे आणि आपण त्यांच्यापुढे नाटक करीत राहतो, आणि दोघेही एकटे पडतात. किती ऐकायचे हे रुग्णाला विचारावे. हळुवारपणे, त्याला पेलेल तेवढे, पण खरे सांगावे.

चौथी जखम: ‘असे अभद्र बोलू नका.’ रुग्ण वसीयतीविषयी, देण्याघेण्याविषयी बोलू लागला की आपण त्याचे तोंड बंद करतो. वास्तविक ज्याच्याजवळ वसीयत करण्याजोगे काही आहे त्याने ती लिहून ठेवण्यात दोन रात्रींचाही विलंब लावू नये, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. हे बोलणे निराशेचे नसते. अनेकदा ते बोलून झाल्यावरच रुग्णाला शांत झोप लागते.

इयादत: विचारणे आणि ऐकणे

आजाऱ्याला भेटण्याचा सर्वांत सुंदर नमुना मला ह. साद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्या आजारपणात आढळतो. प्रेषितांच्या (स.) अखेरच्या हजच्या काळात मक्केत ते इतके आजारी पडले, की आता मृत्यू जवळ आला असे त्यांना वाटले. प्रेषित (स.) भेटायला आले. साद (रजि.) वसीयतीचा प्रश्न काढतात: माझ्याजवळ संपत्ती आहे, वारस एक मुलगीच आहे, दोन तृतीयांश दान करू काय? प्रेषितांनी (स.) त्यांना गप्प केले नाही. दोन तृतीयांशाला नाही म्हटले, अर्ध्यालाही नाही म्हटले, एक तृतीयांशाला अनुमती दिली आणि तेही पुष्कळ आहे असे सांगितले. मग साद (रजि.) मनातली भीती बोलतात, की सोबती मदीनेला परततील आणि मी मागे राहीन. तेव्हा प्रेषितांनी (स.) आशा दिली, की कदाचित तुम्ही जगाल आणि लोकांना तुमच्यापासून लाभ होईल. त्यांनी कपाळावर हात ठेवला, चेहऱ्यावरून व पोटावरून फिरवला आणि शिफाची दुआ केली. त्या हाताचा गारवा आपल्याला पुढेही जाणवत राहिला, असे साद (रजि.) सांगत. ते त्यानंतर कित्येक दशके जगले.

या भेटीचा क्रम पाहा. आधी ऐकणे, मग प्रश्नाचे नेमके उत्तर, मग आशा, मग स्पर्श, मग दुआ. मी चाचांकडे गेलो तेव्हा दुआ तेवढी केली. तिच्याआधीच्या पायऱ्या गाळल्या.

म्हणून आजाऱ्याकडे जाल तेव्हा थोडा वेळ थांबा, पण तो त्याला द्या. ‘अमक्याला हाच आजार होता, तो गेला’ अशा बातम्या आणि ऐकीव औषधे दाराबाहेर ठेवा. “सर्वांत जड काय वाटते?” असा एकच प्रश्न विचारा आणि उत्तराची वाट पाहा. तो रडला तर रडू द्या. तो गप्प राहिला तर शेजारी गप्प बसा. हदीसे कुदसीत आले आहे की कियामतच्या दिवशी अल्लाह बंद्याला विचारील, मी आजारी होतो, तू मला भेटायला आला नाहीस. अमुक बंद्याला भेटला असतास तर मला त्याच्यापाशी आढळला असतास. ज्याच्यापाशी अल्लाह आढळतो, त्याच्यापाशी आपण भाषण द्यावे की कान द्यावेत?

भूक नसलेल्या आणि खचलेल्या रुग्णाच्या घरी ह. आयशा (रजि.) तल्बीना देण्यास सांगत. जवाच्या पिठाची ती पातळ पेज रुग्णाच्या हृदयाला आराम देते आणि दुःख काहीसे हलके करते, असे त्यांनी प्रेषितांकडून (स.) ऐकले होते. आजाऱ्याच्या पोटाबरोबर त्याच्या हृदयाचाही विचार तेथे झालेला आहे. (पथ्य मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.)

दीनच्या सवलतीही रुग्णाला आठवून द्याव्यात. उभ्याने जमत नसेल तर बसून, बसून जमत नसेल तर पडून नमाज होते. पाणी बाधत असेल तर तयम्मुम आहे. रोजा सुटला तर त्याची सोय खुद्द कुरआनात आहे. त्यांचा तपशील आपापल्या फिक्हनुसार, हनफी असो वा शाफई, जवळच्या आलिमांकडून समजून घ्यावा. या सवलती अल्लाहचा सदका आहेत. त्या घेताना रुग्णाने खजील होऊ नये.

घराची पैशाची विवंचनाही मन पोखरते. महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून कॅन्सरच्या अनेक उपचारांना साहाय्य मिळते. रुग्णालयातील सोशल वर्करला विचारल्यास मार्ग सापडतो. आणि गरीब व कर्जदार हे जकातीचे हक्कदार आहेत, हे रमजानच्या पावतीपुस्तकाबाहेरही आपण लक्षात ठेवावे.

मनाचा उपचार आणि तवक्कुल

‘मनाच्या डॉक्टरकडे जाणे म्हणजे अल्लाहवर भरवसा नसणे’ हा विचार आपल्यात खोल रुजला आहे. प्रेषितांनी (स.) उपचार करण्यास सांगितले आणि अल्लाहने औषधाविना रोग ठेवलेला नाही, हे शिकवले, त्यात शरीराचेच रोग असे कुठे म्हटलेले नाही. आपल्याच परंपरेत बल्ख येथील विद्वान अबू जैद अल-बल्खी (इ. स. ८५०–९३४) यांनी ‘मसालिहुल अब्दान वल अन्फुस’ या ग्रंथात शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्याची चर्चा केली. शरीर आजारी पडले की मनही बिघडते आणि मन बिघडले की शरीरही, हे त्यांनी हजार वर्षांपूर्वी मांडले. वैद्यांनी एकीकडेच पाहावे, हे त्यांना मान्य नव्हते.

आज कॅन्सरच्या मोठ्या रुग्णालयांत, मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येही, मानसोपचाराची सोय आहे. काहींना समुपदेशन पुरते, काहींना काही महिने गोळ्या लागतात. या गोळ्या स्वतःच्या मनाने किंवा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेऊ नयेत. उदासीनतेवरील काही औषधे स्तनाच्या कॅन्सरसाठी दिल्या जाणाऱ्या टॅमॉक्सिफेनच्या परिणामात अडथळा आणतात. म्हणून कॅन्सरच्या डॉक्टरांना प्रत्येक गोळी दाखवावी. वेदनेची औषधेही वेळेवर घ्यावीत. वेदना सोसत राहणे ही इबादत नव्हे.

मरण मागणारा रुग्ण

आता सर्वांत नाजूक विषय. ‘यापेक्षा मी मेलो असतो तर बरे’ असे रुग्ण म्हणाला तर आपण लगेच ‘तौबा करा’ म्हणतो. क्षणभर सूरह मरयम आठवा. प्रसूतीच्या वेदनेत, एकट्या, लोकापवादाच्या भीतीत, ह. मरयम (अ.) यांच्या तोंडून हाच उद्गार निघाला, की याआधीच मी मेले असते आणि विसरले गेले असते तर! अल्लाहने त्यांची निर्भर्त्सना केली नाही. दुःखी होऊ नका, असा धीर आला. पायांपाशी झरा दिला, खजुरीचे झाड हलवण्यास सांगितले; खा, प्या, डोळे निववा, आणि लोक विचारतील तर आज बोलणार नाही असे कळवा. पाणी, अन्न, धीर आणि लोकांच्या प्रश्नांपासून सुटका. मरण मागणाऱ्या जिवाला आधी हे देण्यात आले.

मृत्यूची इच्छा करण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली, हे खरे. पण ह. खब्बाब (रजि.) यांच्यासारखे सहाबी डागण्या घेतलेल्या अवस्थेत भेटायला आलेल्यांना म्हणाले, की मनाई नसती तर मी मृत्यूची दुआ केली असती. त्या श्रेष्ठ पुरुषाने मनातला अंधार बोलून दाखवला. ऐकणाऱ्यांनी तो आपल्यापर्यंत जपून पोहोचवला. प्रेषितांनी (स.) मनाईबरोबर वाटही दाखवली: जगणे भले असेतोवर जगव आणि मृत्यू भला असेल तेव्हा तो दे, अशी दुआ करावी.

म्हणून असा उद्गार ऐकला तर घाबरू नका, रागावू नका. शांतपणे विचारा, “स्वतःला काही करून घ्यावे असे मनात येते काय?” विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट ओझे हलके होते. उत्तर ‘होय’ असेल, किंवा माणूस गोळ्या साठवत असेल, औषधे नाकारत असेल, निरोपाची भाषा करीत असेल, तर त्याला एकटे सोडू नका, औषधे व धोक्याच्या वस्तू दूर ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. सरकारची ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य आहे. आत्महत्या हराम आहे, हे त्या बंद्याला ठाऊक असते. त्या क्षणी त्याला फतवा नको असतो, जवळ बसलेला माणूस हवा असतो.

सेवा करणाऱ्यांनो

आणि ज्या सुना, मुली, पत्नी, मुलगे महिनोन्‌महिने रात्री जागतात, त्यांनाही थकवा येतो, चिडचिड होते, आणि मग चिडल्याची टोचणी लागते. त्यांच्या वाट्याचा भार उचलणे हीही इयादतच. एक रात्र तुम्ही बसा, त्यांना झोपू द्या. डबा पाठवा. ‘काही लागले तर सांगा’ म्हणू नका. त्या सांगणार नाहीत.

माझ्या इमाम बांधवांना एक विनंती. सफरमध्ये डोक्याला जखम झालेल्या एका सहाबींना गुस्लची गरज पडली. सोबत्यांनी ज्ञानाविना निर्णय दिला, की पाणी उपलब्ध असता सवलत नाही. त्यांनी गुस्ल केले आणि ते वारले. हे ऐकून प्रेषित (स.) अत्यंत संतप्त झाले, त्या लोकांनीच त्याला मारले आणि न जाणण्यावर इलाज विचारणे हा आहे, या आशयाचे उद्गार त्यांनी काढले. अबू दाऊदमधील ही हदीस मी मदरशात तयम्मुमच्या अध्यायात वाचली होती. आता ती मला रुग्णाच्या खोलीच्या दारावर लिहिलेली दिसते. आपला शब्द रुग्ण फतव्यासारखा घेतो. तो उच्चारण्यापूर्वी आपण विचारले पाहिजे.

वही पाहिल्याच्या दुसऱ्या दिवशी मी चाचांकडे पुन्हा गेलो. या वेळी मी आधी माफी मागितली आणि मग वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी एकेक प्रश्न लिहिला, मी एकेकाचे उत्तर दिले. तौबा करणाऱ्यावर अल्लाह नाराज राहत नाही. बसून केलेली नमाज उणी नाही, उलट निरोगीपणी जे अमल तुम्ही करीत होतात त्यांचा सवाब आजारपणातही लिहिला जातो, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. चाचांनी ते वाक्य मला दोनदा म्हणायला लावले. पुढे त्यांच्या वेदनेची मात्रा डॉक्टरांनी बदलली, मनासाठीही गोळी सुरू झाली. काही आठवड्यांनी ते फजरला आले, शेवटच्या सफमध्ये खुर्चीवर बसले. त्यानंतर ते सव्वा वर्ष जगले, आणि त्या सव्वा वर्षात मुलाच्या म्हणण्याप्रमाणे ते आधीच्या दहा वर्षांहून अधिक बोलले.

हे अल्लाह! आमच्या सर्व रुग्णांना शिफा दे. आणि ज्यांच्या नशिबी शिफा नाही त्यांना सुकून दे. त्यांच्या वेदना त्यांच्या गुन्ह्यांचा कफ्फारा बनव. आमच्या जिभांना त्यांच्या जखमा वाढवण्यापासून वाचव आणि त्यांची व्यथा ऐकण्याइतके आमचे कान व हृदय मोठे कर.

आमीन, या रब्बल आलमीन.